आदेश कोणी दिला होता

अमरावतीच्या बाजारात माझा संत्र्याचा गाळा आहे. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परत आलो तेव्हा माझ्याजवळ एक हातगाडी होती आणि तापट डोकं होतं. हातगाडी गेली, गाळा आला, डोकं तसंच राहिलं. सकाळचा लिलाव आटोपला की आसपासचे माजी सैनिक माझ्याकडे चहाला जमतात. त्यांना बसायला फळांचे उलटे घातलेले कॅरेट लागतात आणि बोलायला साहेब लोकांची निंदा लागते. माझ्याकडे दोन्हीचा साठा असतो.

सीमेवर काही झालं की आमच्या बाजारालाही ताप चढतो. मागच्या वेळी शेजारचा केळीवाला दिवसभर मोबाईल घेऊन बसला होता. मोबाईलमध्ये कोट घातलेला एक माणूस नकाशावर काठी आपटत होता.

"आता घुसूनच मारले पाह्यजे साल्यांले," केळीवाला म्हणाला. "एकदाचा निकाल लावून टाका."

"चाल मंग," मी म्हटलं. "माहा टेम्पो रिकामाच उभा आहे. कपडे घेजो गरम."

"मी कायले? तुमी लोक आहा ना."

तुम्ही लोक आहात ना. एवढ्या चार शब्दांत या देशातलं युद्धाचं सगळं समर्थन येऊन जातं. टीव्हीवाले, पुढारी, निवृत्त जनरल त्याला फक्त टाय बांधतात.

चहाच्या मंडळात तोफखान्यातला एक गडी आहे. तोफेने त्याचा उजवा कान पूर्ण आणि डावा अर्धा नेला. तो ओरडून बोलतो आणि समोरच्यालाही ओरडायला लावतो. त्याचं मत माझ्यापेक्षा वेगळं होतं. "पाह्य भाऊ," तो ओरडला, "कोनी घरात घुसला त त्याच्या गयात हार घालतो का? काही लढाया कराच लागते."

ते मलाही मान्य आहे. घरात घुसलेल्याला बाहेर काढायला मी गेलो आहे आणि त्याची मला लाज नाही. आमचा एक कॅप्टन होता, तो जवानांचं जेवण झाल्याशिवाय ताट हातात घेत नसे. अंधारात पहिला पाय तो टाकायचा. तो म्हणाला असता तर मी आजही गाळा बंद करून निघालो असतो. माझी तक्रार दुसऱ्या जातीच्या लढाईबद्दल आहे. ती शत्रूशी कमी आणि वरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी जास्त लढली जाते.

अशा एका लढाईत माझ्या बॅचचा एक पोरगा गेला. तो नांदगाव खंडेश्वरकडचा. घरी फुलशेती, झेंडू आणि शेवंती. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो, आणि आमच्या वऱ्हाडी बोलण्यावरून दोघांनाही सगळी पलटण हसायची.

आमच्या चौकीसमोर एक टेकडी होती. तिच्यावर गवतसुद्धा नव्हतं. तिकडून काही दिसत नव्हतं, काही अडवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वरचे मोठे साहेब हेलिकॉप्टरने येणार होते आणि आमच्या मेजरला त्यांना त्या टेकडीवर आपला झेंडा दाखवायचा होता. वाटेत सुरुंग होते. ते काढायचं काम अर्धवट राहिलं होतं. सुरुंग काढणाऱ्या जवानाने ते मेजरला माझ्यासमोर सांगितलं होतं. तरी मेजरने माझ्या दोस्ताला जायचा हुकूम दिला. तो गेला, आणि चाळीस पावलांवर सुरुंग फुटला. हेलिकॉप्टर हवामानामुळे आलंच नाही. त्याच हिवाळ्यात ती टेकडी आम्ही सोडून खाली आलो. पुन्हा कोणी तिथे गेल्याचं मी ऐकलं नाही.

मग चौकशी बसली. मी तेव्हा नाईक होतो आणि हवालदार होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. मेजरने मला तंबूत बोलावलं, स्वतःच्या हाताने चहा दिला. म्हणाला, "तू वाऱ्यात उभा होतास. तुला हुकूम ऐकू आला नसेल. जे ऐकलं नाही ते ऐकलं नाही, एवढंच लिही." मी लिहिलं. जवान परवानगीशिवाय खुणेची वाट सोडून पुढे गेला, असा चौकशीचा निकाल लागला. मी हवालदार झालो. मेजर चढत चढत ब्रिगेडियर झाला.

माझ्या दोस्ताच्या बापाला पेन्शन मिळाली. पण कागदावर 'स्वतःची चूक' होती. गावच्या शाळेत पंधरा ऑगस्टला तालुक्यातल्या शहिदांची नावं वाचतात, त्यात त्याचं नाव नसतं. एका वर्षी म्हाताऱ्याने मास्तरला विचारलं. मास्तर म्हणाला, "काका, ते लढाईत गेलेल्यांचं आहे." त्यानंतर म्हाताऱ्याने विचारलं नाही. अजूनही तो पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन अमरावतीला येतो, विकून झाली की माझ्या गाळ्यावर चहा घेतो. मी फौजेतून परत आलो त्या पहिल्या वर्षी त्याने मला एकदाच विचारलं होतं, "बाबू, तू तिथं होता ना?" मी म्हटलं, "मागे होतो काका. काही दिसलं नाही." तो म्हणाला, "बरं." वीस वर्षांहून जास्त त्या 'बरं'वर आमचा चहा चालला.

या हिवाळ्याच्या शेवटी, मृग बहराच्या संत्र्यांचा माल सुरू असताना, अकोल्याच्या एका संस्थेचा अध्यक्ष माझ्याकडे आला. त्यांना त्याच ब्रिगेडियर साहेबांचं व्याख्यान ठेवायचं होतं. साहेबांनी पुस्तक लिहिलं होतं. जठारपेठेतलं सभागृह ठरलं होतं. पुढच्या रांगांमध्ये छातीवर पदकं लावलेले माजी सैनिक बसले तर फोटो चांगला येईल, असं त्याचं म्हणणं. माणसं फक्त माझ्याकडूनच मिळतील, हेही त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

माझ्याकडे माल होता आणि गिऱ्हाईक चालत दाराशी आलं होतं. मी म्हटलं, साहेबांशी मी स्वतः बोलणार.

साहेब पुण्याहून आधी अमरावतीला येऊन विश्रामगृहावर उतरले होते. केस पांढरे, पाठ ताठ, हाफ जॅकेट. मला बघून म्हणाले, "अरे हवालदार! पोट सुटलं की तुमचं."

"साहेब, चाळीस माणसं आणतो," मी म्हटलं. "पदकं लावून, पॉलिश केलेल्या बुटांत. बदल्यात मला एक वाक्य पाहिजे."

"कसलं वाक्य?"

"टेकडीवर जायचा हुकूम मी दिला होता. एवढंच. त्याच्या बापाला पुढच्या रांगेत बसवतो. त्याच्याकडे बघून म्हणायचं. माफी मागू नका, कारण सांगू नका."

साहेब हसले. "तुम्ही अजून तसेच आहात," म्हणाले, आणि हात पुढे केला. मी तो धरला. त्यांनी माझा हात चांगला दाबला आणि सोडला.

इथे माझं चुकलं. बाहेरच्या माणसाला ही चूक कळायची नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे जुन्या व्यापाऱ्यांमध्ये भाव तोंडाने बोलत नसत. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं तितका भाव. पटलं नाही तर बोटं झटकायची. पटलं तर सगळा हात दाबून सोडायचा. आता उघडा लिलाव होतो, कायदाच तसा आहे, पण दाबून सोडलेल्या हाताची किंमत अजून तीच आहे. लिहिलेलं नसतं, साक्षीदार नसतो, आणि तरी तो हात फिरवलेला मी बाजारातल्या वीसेक वर्षांत दोनदाच पाहिला. त्या दोघांशी पुन्हा कोणी व्यवहार केला नाही. दुपट्टा नव्हता, तरी मी साहेबांचा हात तसाच धरला. पुण्यात लोक हात मिळवतात आणि विसरतात, हे फौजेत सतरा वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक असायला पाहिजे होतं.

म्हाताऱ्याला मी म्हटलं, "काका, अकोल्याले चाला. पोराचे साहेब येऊन राहिले. ते काही सांगणार आहेत."

"काय सांगतीन?"

"तुमीच ऐकजा."

त्याने पुढे विचारलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी धुतलेलं धोतर, टोपी घालून गावाच्या फाट्यावर उभा होता. हातात ओल्या फडक्यात बांधलेला हार. पिवळी शेवंती, मध्ये मोठा झेंडू, स्वतःच्या वावरातला, रात्री स्वतः गुंफलेला. "साहेबासाठी," म्हणाला. मी गाडीचा आरसा नीट करत बसलो.

सभागृहात लाऊडस्पीकरवर देशभक्तीची गाणी इतक्या मोठ्याने लावली होती की तोफखानेवाल्यालाही ऐकू येत होती. सूत्रसंचालन करणारी बाई प्रत्येक पाहुण्याआधी चार ओळींची कविता म्हणायची. शाली आल्या, नारळ आले, काचेत बसवलेली तलवार आली. अध्यक्षाने वीस मिनिटं भाषण केलं आणि त्यात सांगितलं की त्यालाही लहानपणी सैन्यात जायचं होतं. असं म्हणणारे मला इतके भेटले आहेत की त्यांतले निम्मे जरी खरोखर आले असते तरी फौजेला बराकी पुरल्या नसत्या.

मग शहिदाचे वडील म्हणून नव्हे, तर 'अमरावती जिल्ह्यातील एक ज्येष्ठ शेतकरी' म्हणून म्हाताऱ्याला वर बोलावलं. त्याने हार घातला. साहेब वाकले. फोटो निघाला.

साहेब बोलायला उठले. पुण्याचं स्वच्छ मराठी, मागे पडद्यावर बर्फाची चित्रं. युद्ध राष्ट्राला घडवतं, म्हणाले. नेतृत्व म्हणजे एकाकीपणा, म्हणाले. सेनापतीला रात्री झोप लागत नाही, तो प्रत्येक जवानाचं ओझं वाहतो. माझ्या बाजूला बसलेला, फौजेत बावीस वर्षं ट्रक चालवलेला गडी कानात म्हणाला, "ओझं त मीच वाहत होतो बे. याचा सोफा पन मीच नेला होता बदलीच्या वेळी."

मग पडद्यावर ती टेकडी आली. मी ओळखली. साहेबांनी आवाज खाली घेतला.

"इथे मी एक मुलगा गमावला. तुमच्याच मातीतला. तरुण रक्त होतं. समोर शत्रूची टेकडी दिसते आहे आणि आपण थांबायचं, हे त्याला सहन होईना. त्याने आदेशाची वाट पाहिली नाही. एकटा पुढे निघाला. नियमाने ती चूक होती. पण मी म्हणतो, अशा वेड्या चुकांवरच देश उभे राहतात. त्याचे वडील आज इथे बसले आहेत."

टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. म्हाताऱ्याच्या मागच्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि म्हातारा, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तोही टाळ्या वाजवत होता. साहेबांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. मी मागितलेल्या मालाऐवजी त्यांनी रंग लावलेला नासका माल भरला होता, आणि माझ्याकडून पावतीची अपेक्षा करत होते.

मी उभा राहिलो. टाळ्या थांबेपर्यंत थांबलो, कारण मला माझा आवाज वाया घालवायचा नव्हता.

"साहेब, आदेश तुमचा होता."

सूत्रसंचालन करणारी बाई माइककडे धावली. साहेबांनी तिला हाताने थांबवलं. "हवालदार, आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. विश्रामगृहावर हात दिला होता तुम्ही."

"मी इथे एका जवानाचा सन्मान केला," ते म्हणाले. अजूनही शांत. "त्याला वीर म्हटलं. तुम्हाला आणखी काय हवंय?"

"तुम्ही पाठवलं म्हणून तो गेला. सुरुंग आहेत हे तुम्हाला माहीत होतं."

तेव्हा त्यांनी चष्मा काढला. तंबूत चहा देताना जसं बघितलं होतं तसं बघितलं, आणि माइकवरच म्हणाले, "चौकशीत तुम्ही बयान दिलंत, हवालदार. आदेश ऐकला नाही असं. खाली तुमची सही आहे. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

दोन-तीनशे माणसं माझ्याकडे वळली. त्यांत म्हातारा होता. माझ्याजवळ उत्तरं होती. मी नाईक होतो, ते मेजर होते, मला पोरं होती, सगळेच लिहितात. बाजारात मी यापेक्षा वाईट मालाची याहून चांगली वकिली केली आहे.

"तेव्हा बोललो," मी म्हटलं. "हवालदारकीसाठी बोललो. हुकूम मी ऐकला होता."

तोफखानेवाला ओरडला, "काय म्हनून राहिला तो?" ट्रकवाल्याने त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तो ऐकत राहिला, मग उठला, टोपी घातली आणि माझ्याकडे किंवा मंचाकडे न बघता दाराकडे चालू लागला. त्याच्यामागे आणखी काही उठले. चाळीसपैकी अकरा. बाकीचे बसून राहिले. कार्यक्रमानंतर जेवण होतं, आणि गुलाबजामचा वास आत येत होता. मी त्यांना नावं ठेवत नाही. चौकशीच्या वेळी मीही बसूनच राहिलो होतो. पण त्या दिवसापासून त्यांच्यासाठी माझ्याकडे चहा नाही.

अध्यक्ष माझा दंड धरून म्हणाला, "तुम्ही कार्यक्रमाची वाट लावली." मी म्हटलं, "तुमचा फोटो निघाला ना? मग." साहेब पुस्तकांवर सह्या करायला बसले. रांग लागली. त्यांना काही झालं नाही. अशांना होत नसतं.

म्हातारा बाहेर गाडीपाशी उभा होता. मी दार उघडलं, तो पुढे बसला. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. मी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, त्याने घेतली नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. शिव्यांना मी शिव्यांनी उत्तर देतो, तो व्यवहार मला येतो.

नांदगावच्या अलीकडे, त्याच्या गावाच्या फाट्यावर उन्हं उतरली होती. मी गाडी बाजूला घेतली. तो उतरला नाही.

"तू किती लांब होता?"

"त्या लिंबापर्यंत असन काका."

त्याने रस्त्याकडेच्या कडुलिंबाकडे पाहिलं. वीस पावलं असतील.

"साहेब काय बोलला? जसं बोलला तसं सांग. हिंदीत बोलला असन त हिंदीत सांग."

"'सुबह तक ऊपर झंडा चाहिए. तू जाएगा.'"

"अन् माह्या पोरानं काय म्हनलं?"

"'रास्ता साफ नहीं है, साब.' एकदाच म्हणाला. मग साहेब म्हणाले, 'मैंने पूछा क्या?' मग तो म्हणाला, 'जी साब.' आणि निघाला."

"म्हंजे त्याले मालूम होतं."

"होतं."

"घाईनं नाई गेला."

"नाही काका. बुटाची नाडी बांधली, मग गेला."

मग तो दार उघडून खाली उतरला आणि खिडकीत वाकला.

"उद्या शायेत येजो. मास्तरसमोर सांगजो. असंच, हिंदीत. नाडीचं पन सांगजो. अन् सही तुही होती तेही सांगजो."

"काका, उद्या माल उतरून राहिला," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं. "परवा येतो. परवा नक्की."

"उद्या," तो म्हणाला. "दहा वाजता घंटा होते."